पार्किंगमधला जिंजी किल्ला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी इंदूरची वाचक, आपला पेपर रोज मोबाईलवर वाचते, सकाळी बाळ झोपलेलं असतं तेवढ्या वेळात. दिवाळीत वाचकांनी पाठवलेल्या किल्ल्यांचे फोटो तुमच्याकडे येतात ते आम्ही घरातले सगळे मिळून बघतो, बोटांनी मोठे करून करून, कुणी दरवाजा कसा केलाय, कुणी पाणी कुठून सोडलंय. पण ते सगळे फोटो पुण्याचे, साताऱ्याचे, कोल्हापूरचे, ठाण्याचे. इंदूरातही किल्ले होतात हे कळवावं म्हणून लिहायला घेतलं आणि दोन ओळी झाल्यावर लक्षात आलं की यंदाच्या किल्ल्याचं सांगायचं तर वर्षभराचं सांगितल्याशिवाय होणारच नाही, म्हणून पत्र जरा लांबणार आहे.

माझं माहेर नाशिकचं. नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला वाटलं होतं की आता किल्ला वगैरे विसरायचा, तिकडे पोहे-जिलबी, सराफ्यातलं रात्रीचं खाणं, थंडीत गराडू हे सगळं असेल पण किल्ला कोण करणार. पहिल्याच दिवाळीत सासरे, म्हणजे आमचे बाबा, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मल्टीच्या मागच्या कोपऱ्यात विटा मांडत बसलेले दिसले. (मल्टी म्हणजे इकडे बिल्डिंगला म्हणतात, आता माझ्याही तोंडात तेच बसलंय.) बाबा तरुणपणी इथल्या एका कापड गिरणीत होते. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या निघतात, रात्रभर दिव्यांचे देखावे, पुढे आखाडे, शंभर वर्षांच्या आसपास जुनी प्रथा आहे, त्या झांक्या बनवणाऱ्यांत ते होते. बांबूचा सांगाडा, त्यावर पोतं, त्यावर लगदा, हे सगळं त्यांच्या हातात तिथूनच आलेलं. पुढे गिरणी बंद पडली, मग ते क्लॉथ मार्केटमध्ये एका दुकानात हिशेब लिहायला लागले, पण हात शांत बसेनात आणि ते सगळं कसब किल्ल्यात उतरलं. पोतं मातीच्या पातळ चिखलात बुडवून विटांवर असं पसरायचे की सुरकुत्या आपोआप डोंगराच्या घड्या व्हायच्या. मी नाशिकला इतके किल्ले बघितले पण ते नव्हतं बघितलं.

त्यांची एक वही आहे, आलेखाच्या कागदाची. प्रत्येक वर्षी कुठला किल्ला केला, किती विटा लागल्या, हळीव कुठल्या तारखेला पेरले, कुठला बुरुज ढासळला. एका पानावर नुसतं लिहिलंय, २०२०, प्रतापगड, बघायला कोणी नाही. मला त्या पानाचं फार वाईट वाटतं.

बाबा मार्चमध्ये गेले, पाडव्याच्या आठ दिवस आधी. यंदा, २०२५ साली, पाडवा ३० मार्चला होता, सुतकात आला, गुढी उभारली नाही. मला तेव्हा सहावा महिना होता. बाबांना एवढंच माहीत होतं की घरात बाळ येणार आहे, त्यांनी नाव वगैरे काही सुचवलं नव्हतं, म्हणाले आधी येऊ दे तर खरं.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते नीट आठवत पण नाही. मे संपताना मेट्रो सुरू झाली, ३१ तारखेला, अहिल्यादेवींच्या ३००व्या जयंतीला, आणि पहिला आठवडा तिकीट नव्हतं. बाबा गेली दोन-तीन वर्षं ते खांब उभे राहताना बघून आमच्या मुलाला सांगायचे की आपण दोघं बसू. मग आईंनीच, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विषय काढला, चला. मला आठवा महिना संपत आलेला, उन्हाचे दिवस, नवरा नको म्हणत होता पण आम्ही गेलोच, मी, आई आणि मुलगा, गांधीनगरच्या स्टेशनवर, त्या स्टेशनला अहिल्यादेवींचंच नाव आहे. पाच स्टेशनं, सहा एक किलोमीटर, चटकन संपलं सुद्धा. मुलगा खिडकीशी उभा होता आणि उतरताना म्हणाला आजोबांना बसवायचं राहिलं. आई काही बोलल्या नाहीत, त्याचा हात धरून चालत राहिल्या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी झाली. त्याच दिवसांत हॉस्पिटलमध्ये पडल्यापडल्या बातमी वाचली की युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. माझ्या माहेरच्या जिल्ह्यातला साल्हेर त्यात आहे म्हणून मी केवढी खूश झाले, आणि पहिला विचार हाच आला की बाबांना सांगायला पाहिजे. असं वर्षभरात कितीदा झालं.

आता दिवाळीचं. आमच्याकडे घरात कोणी गेलं की पहिलं वर्ष कढई चढत नाही. तळण नाही, नवे कपडे नाहीत, कंदील नाही. फराळ लोक आणून देतात. पण त्याच घरात तीन महिन्यांचं बाळ, तिची पहिली दिवाळी. नातेवाईकांचे फोन यायला लागले, एक म्हणे बाळ झालंय तर आता सगळं करा, दुसरे म्हणे वर्षश्राद्ध होईपर्यंत काही करायचं नाही. मी तर गोंधळून गेले होते. आईंनी एका संध्याकाळी पोळ्या करता करता निकाल दिला, तळण नाही, कंदील नाही, मुलांना मात्र उटणं-अभ्यंग सगळं, मुलांना दिवाळी असतेच, आणि किल्ला होणार. मी म्हटलं आई, किल्ला कोण करणार, तर म्हणाल्या चाळीस वर्षं मी त्यांना विटा उचलून दिल्यात, मला काय येत नाही का.

मुलगा सहा वर्षांचा आहे. शाळा इंग्रजी, खेळायला खाली गेला की हिंदी, आणि खरं सांगायचं तर मी आणि माझा नवरासुद्धा दिवसभर ऑफिसच्या कॉलवर हिंदी-इंग्रजी बोलून घरात अर्धंमुर्धं हिंदीच बोलतो. घरात सलग मराठी बोलणारे दोघंच, आई आणि बाबा. बाबा गेल्यावर तीन-चार महिन्यांतच मला जाणवलं की हा आपल्याशी हिंदीत उत्तरं देतोय. "आजी, मुझे भूक लगी है." आई मराठीत बोलायच्या, तो हिंदीत. बाबांसोबत त्याचं कधीच असं नव्हतं, कारण बाबांसोबत तो काहीतरी करत असायचा आणि त्या करण्याचे शब्द मराठीच होते.

म्हणून किल्ला ठरल्यावर मला मनातून फार बरं वाटलं. कुठला करायचा यावर रविवारी दुपारी बसलो. मी साल्हेर म्हटलं, नवरा रायगड म्हणाला. मुलानं मोबाईलवर त्या १२ किल्ल्यांचा नकाशा काढलेला होता, ११ टिंबं वर एकमेकांजवळ आणि एक खाली लांब. विचारतो, हे एकटं का आहे? मग माझ्या नवऱ्यानं त्याला सांगितलं, १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली, पुढे १६८९ ला रायगड मोगलांच्या हाती गेला तेव्हा राजाराम महाराज तिकडे निघून गेले आणि तिथूनच राज्य चालवलं, मोगल सरदार जुल्फिकारखानाचा वेढा सात-आठ वर्षं पडून होता. मुलगा म्हणाला मग हाच करू, हा पण आपल्यासारखा लांब राहतो. आईंनी लगेच बाबांची वही काढली, सगळी पानं चाळली, जिंजी एकदाही केलेला नव्हता. म्हणजे माप नाही, आकडे नाहीत, आपलं आपल्यालाच बघायचं. तिकडे तीन डोंगर आहेत, राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी, आणि तिन्ही तटबंदीनं जोडलेले.

आणि इथेच अडलं. बाबा जिथे किल्ला करायचे तो मागचा कोपरा उन्हाळ्यात आमच्या रहवासी संघानं पेव्हर ब्लॉक लावून बंद केला होता. घरात दुखवटा होता, नंतर मी दवाखान्याच्या फेऱ्यांत, आमचं लक्षच नव्हतं. विचारायला गेलो तर सांगितलं पावसात माती वाहून नालीत जाते, शिवाय आवार स्वच्छ दिसतं. स्वच्छतेचं मला कमी कौतुक आहे असं कोणी समजू नये. इंदूर सलग आठव्यांदा देशात पहिलं आलं हे जुलैत ऐकलं तेव्हा आमच्या घरात टाळ्या वाजल्या, आमचा मुलगा ओला आणि सुका कचरा चुकीच्या डब्यात टाकू देत नाही, निगमची गाडी आली की तोच आधी पळतो. पण माती म्हणजे घाण नव्हे हो. अख्ख्या आवारात मुलांना हात घालायला एक वीतभर माती उरली नाही, कुंड्या सोडल्या तर. सगळ्या नव्या मल्ट्यांमध्ये हेच आहे, नुसती आमचीच तक्रार नाही.

शेवटी पार्किंगमध्ये आमच्या गाडीची जागा रिकामी केली, गाडी पंधरा दिवस बाहेर रस्त्यावर. खाली जाड प्लॅस्टिक अंथरलं. माती नर्सरीतून विकत आणली, तीन पोती. इंदूरात, माळव्यात, जिथली काळी माती सगळ्या देशाला माहीत आहे, तिथे माती विकत आणताना मला कसंसंच झालं.

पहिला डोंगर पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला तर पुन्हा पडला. नवऱ्याला वाटत होतं विटा चुकीच्या रचल्यात, आईंनी चिखल बोटांत घेऊन बघितला आणि म्हणाल्या पाणी जास्त झालंय, ह्याला गोळा होईल इतकं घट्ट पाहिजे. बाबांचं कसब बाबांसोबत गेलं असं मी धरून चालले होते. ते आईंच्या बोटांत होतं की, कोणी विचारलंच नव्हतं इतकी वर्षं. चिखल जमल्यावर पोतं टाकलं, आणि त्याला तशाच सुरकुत्या पडल्या. आई तिथेच गाडीच्या ठोकळ्यावर बसल्या थोडा वेळ.

हळूहळू मल्टीतली पोरं जमली. आमचा एकटाच मराठी, बाकी एक सिंधी, दोन जैन भावंडं, माळवी आजींची नात, वरच्या मजल्यावरची मल्याळी मुलगी. आई कुणाशीच हिंदी बोलल्या नाहीत, बोलायचंच नाही असं ठरवून नव्हे, किल्ल्याचे शब्द त्यांना हिंदीत येतच नाहीत. बुरुज, तटबंदी, माची, बालेकिल्ला, चोरदरवाजा. आठवड्याभरात सगळी पोरं "आजी, ये बुरुज टेढ़ा है" म्हणायला लागली, आणि आमचा मुलगा तर झोपेत म्हणाला, आजी पोतं आण. मी ऐकलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, बाळाला पाजत होते.

शेजारच्या माळवी आजी रोज खुर्ची घेऊन बसायच्या. पितृपक्षात त्यांच्या नातीनं पुठ्ठ्यावर शेणाची संजा मांडली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, माळव्यात मुली पितृपक्षात रोज शेणानं भिंतीवर चित्रं काढतात, वर फुलांच्या पाकळ्या लावतात, संध्याकाळी गाणी म्हणतात, आपल्या भोंडल्या-भुलाबाईच्या जवळचं आहे. तर त्या आजी आईंना म्हणाल्या, "अरे, हमारी संजा में भी तो आखिर में किलाकोट बनता है." आणि खरंच, शेवटच्या दिवसांत कोट काढतात, चारी बाजूंनी भिंत, आत जाडी जसोदा आणि पतली पेमा या दोन बायका, कावळा, बैलगाडी. इंदूरात नऊ वर्षं राहून मला हे माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी नातीला कोट आमच्या पोरांनी शिकवायचा आणि संजा तिनं आमच्या पोरीला शिकवायची असं दोघींचं ठरलंय, आमची पोरगी तेव्हा सव्वा वर्षाची असेल, तरी ठरलंय.

मावळे इंदूरात मिळत नाहीत. निदान मला कधी मिळाले नाहीत. आमच्याकडचे जुने आहेत, बाबांनी पुण्याहून आणवलेले, वर्षभर कापसात ठेवतो. राजवाड्याजवळ कुंभार बसतात त्यांच्याकडे पणत्या घ्यायला गेलो तेव्हा तिथे ग्वालिन होत्या, मातीची बाई आणि तिच्या डोक्यावर, हातांवर दिवे, इकडे लक्ष्मीपूजनाला ठेवतात. मुलानं एक उचलली, म्हणाला ही दूधवाली आहे ना, मग ही हिरकणी. मी म्हटलं हिरकणी रायगडची रे, आपण जिंजी करतोय. म्हणाला, येऊ दे ना, तिच्या घरी बाळ आहे. मी पुढे काही बोलले नाही, घेतली. ती राजगिरीच्या कड्यावर उभी केली.

यंदा लक्ष्मीपूजनाचाही घोळ होता, तुमच्याकडेही झाला असेलच. अमावास्या २० ऑक्टोबरच्या दुपारी लागून २१च्या संध्याकाळी संपत होती, इंदूरात बहुतेकांनी २०ला पूजन केलं आणि आपल्या मराठी पंचांगात मंगळवार, २१. म्हणजे सोमवारी पहाटे आमचं अभ्यंगस्नान आणि त्याच संध्याकाळी सगळ्या मल्टीची लक्ष्मी, आमची दुसऱ्या दिवशी, साधी, एका समईची. किल्ल्याला त्यामुळे दोन संध्याकाळी दिवे मिळाले. सोमवारी शेजाऱ्यांनी आपापल्या घरची एक एक पणती आणून तटावर ठेवली, आम्ही लावायच्या आधी. आमच्याकडे कंदील नाही हे सगळ्यांना माहीत होतं, कोणी मुद्दाम बोललं नाही. फराळाचं तर काय सांगू, भजनी मंडळातल्या काकूंच्या चकल्या-अनारसे, जैन काकींकडचा निर्वाणाचा लाडू, माळवी आजींची गुजिया आणि बेसनाची चक्की, वरच्या मल्याळी ताईंनी तर चिवडा बाजारातून आणून वर माफी मागितली की आम्हाला करता येत नाही. आई डबे धुऊन परत करताना प्रत्येकात थोडी साखर घालत होत्या, रिकामा डबा द्यायचा नसतो.

याच दिवाळीत आमच्या मध्य प्रदेशात त्या कार्बाईड गननं किती मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, विशेषतः भोपाळला, ते वाचून पोटात गोळा आला. प्लॅस्टिकच्या पाईपची, फटाक्यासारखी वाजवायची, खेळण्यासारखी वस्तू, कोणीही आणून देतं. मुलांना सुट्टीत हाताला काम पाहिजे असतं, ते आपण दिलं नाही तर बाजार देतो, मला खरंच असं वाटतं.

भाऊबीजेला २३ तारखेला आईंनी बाळाचा हात आपल्या हातात धरून तिच्याकडून भावाला ओवाळलं, किल्ल्यासमोरच पाट मांडून. नवऱ्यानं फोटो काढला. त्यात मागे जिंजी आहे, तिन्ही डोंगर, हळीव चांगले बोटभर वर आलेले, जिंजीतल्या कल्याण महालासाठी रचलेल्या काडेपेट्या थोड्या वाकड्या. बाबांच्या वहीत मी पुढचं पान लिहिलं, माझ्या अक्षरात, २०२५, जिंजी, विटा ११०, माती तीन पोती, हळीव १५ तारखेला, पहिला डोंगर दोनदा पडला. बघायला किती आले ते पण लिहिलं पण तो आकडा नक्की नाही, मोजायचं सुचलं नाही इतकी माणसं आली.

आता आपल्याकडे मागणं एवढंच. एक, पुढच्या दिवाळीत किल्ल्यांचे फोटो मागवाल तेव्हा महाराष्ट्राबाहेरच्या घरांनाही पाठवा म्हणावं, इंदूर, ग्वाल्हेर, देवास, बडोदा, जिथे जिथे कोणी करत असेल. आमच्या मुलाला पेपरात दुसऱ्या कुणा इंदूरच्या मुलाचा किल्ला दिसला तर त्याला जे वाटेल ते मी कितीही सांगून वाटणार नाही. आणि दुसरं, सोसायट्यांमधल्या मंडळींना आपल्या पानावरून विनंती करा की आवारात फरशी घालताना आठ बाय सहाचा एक तुकडा तसाच सोडा, कडेनं वीट लावा म्हणजे माती वाहणार नाही, दहा महिने तिथे झेंडू लावा, दोन महिने मुलांना द्या. आमच्या रहवासी संघाची बैठक तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी आहे, तिथे मी हेच मांडणार आहे. पणत्या आणणाऱ्यांपैकी तिघं कमिटीत आहेत.

तुळशीचं लग्न होईपर्यंत किल्ला हलवायचा नाही असं आईंनी सांगितलंय, गाडी तोवर बाहेरच. नंतर माती परत पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवू. आणि इंदूरात मातीचे मावळे कुठे मिळत असतील तर कृपया कोणी वाचकांनी कळवावं, आमच्याकडे सतरा आहेत, त्यातल्या चौघांचे भाले तुटलेत आणि यंदा मुलं सहा होती.

आपली,
एक वाचक,
राजेंद्र नगर, इंदूर